मिस केरळ आणि चुकीच्या महिन्यांची बंदी

मासा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न भावाचा. पण आजचा मासा खायचा नाही, बघायचा आहे. नाव ‘मिस केरळ’, म्हणजेच डेनिसन बार्ब. एकीकडे फोटो शोधा, पण मला ऐकत राहा.

दिसला? चंदेरी, निमुळतं अंग. मोठ्यात मोठा साधारण 15 सेंटिमीटरचा. नाकापासून निघालेली लालभडक रेघ अंगाच्या मध्याच्या जरा पुढे जाऊन विरते. तिच्या खालची काळी रेघ मात्र थेट शेपटीपर्यंत. आणि शेपटीच्या दोन्ही पात्यांवर पिवळा-काळा पट्टा. मल्याळममध्ये याला चेंकणियान म्हणतात, त्यातलं ‘चें’ म्हणजे लाल. डेनिसन हे नाव मद्रासच्या गव्हर्नरचं. फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये दिलेलं. मला विचाराल तर चेंकणियानच गोड आहे. 2013 मध्ये या माशासाठी वेगळी प्रजातीच केली गेली, आणि तिचं नाव ठेवलं ‘सह्याद्रिया’! ते ठेवणाऱ्या चार शास्त्रज्ञांपैकी एक पुण्याचे नीलेश डहाणूकर.

हा राहतो केरळ आणि दक्षिण कर्नाटकात, घाटातून पश्चिमेला उतरणाऱ्या चंद्रगिरी, वळपट्टणम, चालियार अशा नद्यांमध्ये. त्याला खळाळतं, स्वच्छ पाणी लागतं. खडकांचे डोह आणि काठाला झुकलेली झाडी लागते. शेवाळ, किडे, वनस्पतींचे तुकडे असं मिळेल ते खातो. आणि कायम थव्यात. शेजाऱ्याची हालचाल तो डोळ्यांनी टिपतोच, शिवाय अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याचा हलकासा धक्काही ओळखतो. त्यामुळे एक वळला की अख्खा थवा वळतो. झडप घालणाऱ्याला कळतच नाही, नेमका कुणाला धरायचा! एकटा ठेवलात तर हाच मासा बावरतो, लपून बसतो.

पण जाळ्यापुढे ही युक्ती चालत नाही. उलट होतं. सगळे एका जागी, म्हणजे एका फेरीत सगळे आत.

1997 मध्ये सिंगापूरच्या अ‍ॅक्वारामा प्रदर्शनात नव्या माशांमध्ये याचा तिसरा नंबर आला आणि परदेशातून मागणी सुरू झाली. हॅचरीतली पैदास तेव्हा नव्हती. जे जायचं ते नदीतून. थवे विरळ होत गेले, मासा आययूसीएनच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला.

2008 मध्ये केरळ सरकारने नियम केले. पकडायला बंदी कधी? जून, जुलै आणि ऑक्टोबर. ऐकायला बरोबर वाटतं ना? आपल्या कोकणातही पहिल्या पावसात वळगणीचे मासे चढतात, म्हणजे माशांची वीण पावसाळ्यात, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण संशोधकांनी जेव्हा नदीतल्या मिस केरळचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की ही अंडी घालते ऑक्टोबर ते मार्च! म्हणजे तीनपैकी एकच महिना जुळत होता. नोव्हेंबरपासून पाणी उतरतं, डोह छोटे होतात, थवा सहज सापडतो, आणि नेमकी तेव्हाच पकडायला मोकळीक. कागदावर नियम चोख होता. माशाचंच वेळापत्रक कुणी पाहिलं नव्हतं.

आता चित्र बदललंय. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि हा मासा पहिल्या अनुसूचीत गेला. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. हॅचरीत वाढवलेले डेनिसन जगभर विकले जातात, पण आपल्या नदीतला जंगली मासा पकडणं हा गुन्हा आहे. तेव्हा कुणी “नदीतून आणलाय, एकदम ओरिजिनल” म्हणून दाखवला, तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा.

याच्या भावाबद्दल, चालकुडी नदीतल्या सह्याद्रिया चालकुडीएन्सिसबद्दल, पुढच्या भागात बोलू. त्याच्या पाठीवरच्या परावर एक काळा ठिपका असतो. तोवर फोटो शोधून ठेवा.