संकल्प आणि सोबत



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. माणसे मनाशी काही संकल्प करतात, त्यापायी घर सोडून हिंडतात, आणि आपण काय योजिले, किती साधले, हे एकमेकांस सांगतात. या सांगण्यातून त्यांचे एक मंडळ कसे जमते, आणि ते कशाने टिकते अगर कशाने नासते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने आहे. आषाढीला आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात, त्यांच्याबरोबर दिंड्या चालतात. तेथे संकल्प सर्वांचा एकच, वाट ठरलेली आणि दिंडीतली जागाही ठरलेली. पंढरीला निघालेल्या माणसाला सोबत शोधावी लागत नाही. परंतु आजच्या माणसाचे संकल्प ज्याचे त्याचे निराळे असतात. एकाला सह्याद्रीतले किल्ले पालथे घालावयाचे असतात, दुसऱ्याला सायकलीवरून कन्याकुमारी गाठावयाची असते, आणि एखाद्या बाईंनी मुले मार्गी लागल्यावर नर्मदेची परिक्रमा करावयाचे मनात धरलेले असते. असे सुटे संकल्प बहुधा सुटेपणीच मरतात. घरचे म्हणतात, "हे काय खूळ!" आणि माणूस गप्प बसतो. या सुट्या संकल्पांना सोबत कशी मिळावी, याचा विचार करताना आम्हांला स्कॉटलंडातील डोंगर हिंडणाऱ्यांचे उदाहरण फार उपयोगाचे वाटते. तेथे हा प्रयोग सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि त्याची बरी-वाईट दोन्ही फळे आज पाहावयास मिळतात.

स्कॉटलंडचे डोंगर उंचीने फार मोठे नव्हेत. त्यांतील सर्वांत उंच बेन नेव्हिस अवघे 1345 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरांनी ठेंगणे. पण तेथे पाऊस, धुके आणि वारा यांचे राज्य असते, आणि हिवाळ्यात दिवस उगवतो न उगवतो तोच मावळतो. 1889 साली स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लब हे मंडळ स्थापन झाले. तीन हजार फुटांहून उंच अशी शिखरे देशात तीसेक असावीत, असा त्या वेळी सामान्य समज होता. मंडळाच्या संस्थापक सभासदांपैकी एक सर ह्यू मन्रो यांनी नकाशे चाळून आणि स्वतः हिंडून 1891 साली मंडळाच्या नियतकालिकात एक यादी छापली. तीत तीन हजार फुटांवरची स्वतंत्र शिखरे 283 निघाली! मोजणी सुधारत गेली तशी यादीही बदलत आली, आणि आज ही संख्या 282 धरतात. या शिखरांना लोक 'मन्रो' असेच म्हणतात. माणसाचे नाव डोंगराला पडते हे आपण ऐकले आहे; पण एका माणसाचे नाव पावणेतीनशेहून अधिक डोंगरांचे सामान्यनाम व्हावे, हा मान विरळाच.

यादी छापली गेली आणि एक नवाच संकल्प जन्मास आला. ही सारी शिखरे आपण चढावीत असे लोकांना वाटू लागले. रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन या धर्मोपदेशकाने 1901 साली यादी पुरी केली. दुसरा माणूस यादी पुरी करणारा निघाला तो 1923 साली, म्हणजे मध्ये बावीस वर्षे गेली. आणि खुद्द मन्रोसाहेब? ते 1919 साली फ्रान्समध्ये वारले, तेव्हा त्यांची यादी अपुरीच होती. त्यांच्या हातून राहिलेल्यांत स्काय बेटावरचा एक सुळका होता. त्याचे नावच मुळी 'अगम्य सुळका' असे आहे.

या सुळक्याविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. बाकीची शिखरे धडधाकट माणूस पायी चढू शकतो. या एका ठिकाणी मात्र दोरावाचून इलाज नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे एकटा हिंडणारा मनुष्यसुद्धा येथे अडतो. त्याला दोर जाणणारा सोबती शोधावा लागतो, आणि शोधावयाचा म्हणजे आपला संकल्प उघड करून सांगावा लागतो. "माझी इतकी झाली, ही राहिली, मला वर न्याल काय?" असे विचारावे लागते. पुष्कळ स्नेह या एका प्रश्नातून जुळले असतील, असे आम्हांला वाटते. जो संकल्प कोठेच अडत नाही, त्याला दुसऱ्याची गरजही भासत नाही.

आता त्या मंडळाची वही पाहू. यादी पुरी करणारा मंडळाच्या नोंदणीदाराला पत्र लिहून तसे कळवितो, आणि त्याला अनुक्रमांक मिळतो. आजवर असे सात हजारांहून अधिक लोक नोंदले गेले आहेत. या वहीच्या दोन रीती ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, पुरावा मागत नाहीत. माणूस सांगतो आणि ते मानले जाते. खुद्द रॉबर्टसनविषयी पुढे अभ्यासकांनी शंका काढली की, बेन विव्हिस या शिखराच्या अगदी माथ्यापर्यंत तो गेला होता, असे त्याच्या टिपणांवरून दिसत नाही. तरी वहीतले पहिले नाव त्याचेच राहिले आहे. दुसरी रीत ही की, वेगाची प्रतवारी नाही. 1974 साली हॅमिश ब्राऊन याने ही सारी शिखरे एकाच सलग प्रवासात 112 दिवसांत चालून काढली. 2020 साली डॉनी कॅम्पबेल याने 32 दिवस पुरे होण्याच्या आत हाच पराक्रम केला. पण रविवार-सुट्टी साधून चाळीस वर्षांनी यादी पुरी करणाराही त्याच वहीत, त्याच मानाने बसतो. जेथे संकल्प बोलून दाखवावयाचे तेथे पंक्तिभेद आला की मत्सर आलाच, आणि पुराव्याचा आग्रह आला की खोटेपणाही आला. या मंडळाने दोन्हींना दाराबाहेर ठेवले, यात त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण आहे.

परंतु सज्जनहो, केवळ वहीने समाज होत नाही. वहीत नावे शेजारी-शेजारी येतात. माणसे शेजारी येतीलच असे नाही. यासाठी त्याच डोंगरांतली दुसरी एक संस्था पाहिली पाहिजे.

स्कॉटलंडच्या दुर्गम खोऱ्यांत मेंढपाळांची आणि शिकाररक्षकांची दगडी घरे ओस पडली होती. छपरे गळत होती, भिंती ढासळत होत्या. वाटसरू रात्री त्यांच्या आसऱ्याला येत, आणि मिळेल ते लाकूड जाळून सकाळी निघून जात. 1965 साली बर्नार्ड हीथ आणि त्याच्या सोबत्यांनी दक्षिणेकडील गॅलोवे भागात टन्स्कीन नावाचे असे एक घर दुरुस्त केले, आणि त्याच वर्षी माउंटन बॉथीज असोसिएशन या संस्थेचा जन्म झाला. बॉथी म्हणजे असे साधे आश्रयघर. आज ही संस्था शंभराच्या घरात अशी घरे राखते. घरे बहुतेक जमीनमालकांचीच असतात. संस्था त्यांच्या संमतीने डागडुजी करते. सभासद सुट्टीच्या दिवशी पाठीवर सामान वाहून नेतात, छपरे शाकारतात आणि भिंती लिंपतात. मोबदला कोणी घेत नाही. दाराला कुलूप नसते आणि भाडे नसते. आत झोपावयाला फळ्या आणि क्वचित एखादी शेगडी. वीज नाही, नळ नाही, शौचकूपही बहुधा नाही. त्यासाठी बाहेर एक फावडे ठेवलेले असते.

आत एक वही मात्र असते. आलेला माणूस आपण कोठून आलो आणि उद्या कोठे जाणार, हे तीत लिहून ठेवतो. कोणी हरवले तर शोधणाऱ्यांना त्या नोंदीचा आधार होतो. मंडळाच्या वहीत माणूस साधलेले लिहितो. या वहीत तो उद्याचा बेत लिहितो. पहिल्या वहीने कौतुक मिळते आणि दुसरीने काळजी घेतली जाते. आमच्या मते समाज जमतो तो या दुसऱ्या वहीपाशी. ज्याने छप्पर शाकारले त्याला, त्याखाली कोण निजणार, हे ठाऊक नसते. आणि निजणाऱ्यालाही शाकारणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. तरी दोघांचे नाते जुळलेले असते.

या चित्राची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या खोऱ्यांतली शांतता प्रवाशाला आज मोहविते, ती सारीच निसर्गाची देणगी नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी तेथील हजारो गेलभाषी कुटुंबे उठविली. कोणी समुद्रकाठी ढकलले गेले, कोणी कॅनडाला गेले. डोंगरांची नावे त्यांच्या भाषेत राहिली. नावे ठेवणारे गेले. यादी हाती घेऊन चालणाऱ्याला शिखर दिसते, पण ओस पडलेल्या घरांचे चौथरे दिसतीलच असे नाही. 2003 सालच्या कायद्याने स्कॉटलंडात कोणालाही रानावनांतून जबाबदारीने हिंडण्याचा हक्क दिला आहे. त्यातला 'जबाबदारीने' हा शब्द वाटा झिजविणाऱ्या हजारो पावलांसाठी आहे, तसा या विस्मरणासाठीही असावा, असे आम्ही म्हणतो.

आता आपल्या घरी येऊ. 2025 सालच्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, आणि एक तामिळनाडूतील जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. पण यादी आली की संकल्प येतात, संकल्प आले की पावले येतात. "माझे बारा झाले," असे सांगणारे तरुण आपल्या गावातही निघतील, आणि निघावेतच. त्यांना खुळे म्हणू नये. आमचे म्हणणे एवढेच की, त्यांना विचारताना एक प्रश्न अधिक विचारावा. गडावरच्या टाक्याचे पाणी तुम्ही प्यालात, ते मागून येणाऱ्याला पिण्याजोगे ठेवलेत काय? पायथ्याच्या ज्या घरी पिठले-भाकरी खाल्ली, त्या घरच्या माणसांचे नाव आठवते काय?

या गावात दोन गोष्टी करता येतील असे आम्हांला वाटते. वाचनालयात एक वही ठेवावी. तीत ज्याने त्याने, लहान असो वा थोर, आपला प्रवासाचा संकल्प लिहावा आणि तो वाचून ज्याला सोबत देणे शक्य असेल त्याने खाली आपले नाव लिहावे. आणि वर्षातून एक दिवस सर्वांनी मिळून जवळच्या एखाद्या गडावर जावे. त्या दिवशी पाहण्याचे काम नको. टाके उपसावे, वाट नीट करावी, आणि कामात गावकऱ्यांचा सल्ला घ्यावा. पहिल्या गोष्टीला खर्च एका वहीचा आहे, दुसरीला घमेली-फावडी लागतील. ती देणारे या सभेतच बसले असतील, अशी आमची खात्री आहे.