मेलेल्या माणसाची धोतरजोडी



या इतिहास परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात. वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा प्रघात आहे. मोडी लिपी वाचणारी तरुण मंडळी वाढली, याचा आनंद वाटतो. आढावा इथेच थांबवतो. एक गोष्ट फार वर्षे मनात साठली आहे.

कादंबरीकार इतिहास नासवतात, हा वाद आपल्याकडे दरवेळी रंगतो. कागदात असेल ते खरे, बाकी कल्पित. मग लोकांनी जे खरे मानले, त्याचे काय करायचे?

एक उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला. त्याला रत्नागिरीला कैदेत ठेवले, तर १७७६मध्ये तिथल्या अंमलदारानेच सोडले. हजारो माणसे त्याला मिळाली, कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांना फौजेनिशी उतरावे लागले. अखेर आंग्र्यांनी त्याला धरले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊ खोटा होता; गेलेले किल्ले खरे होते. न. चिं. केळकरांनी यावर नाटक लिहिले. आपल्यातल्या कित्येकांच्या लेखी मात्र हे प्रकरण तळटिपेपुरतेच.

दुसरे उदाहरण माझ्या हाती आलेले. कोकणातल्या एका घरचे जुने दप्तर मी लावत होतो. वाळवीने कडा खाल्लेल्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, घरखर्चाच्या याद्या निघाल्या. थोरला मुलगा पानिपताहून परतलेला नाही. पण दर दसऱ्याला त्याच्या नावे एक धोतरजोडी मांडलेली. श्राद्धाचा खर्च कुठेच नाही. काही वर्षांनी अक्षराचे वळण बदलते, म्हणजे बाप गेला असावा. नव्या हातातही ती ओळ आहेच.

या नोंदी मी एका संकलनासाठी दिल्या. संपादक मंडळाने त्या गाळल्या. शेरा असा, की व्यक्ती मृत, सबब नोंदी निरुपयोगी. जमाबंदीचे कागद तेवढे सगळे छापले. मी तेव्हा विचारले, आजही विचारतो: कापडवाल्याला दिलेले पैसे खोटे होते का? पेटीत साठलेली धोतरे कल्पित होती का? थोरला येईल म्हणून वतनावर धाकट्याचे नाव चढवले नव्हते, हे त्याच रुमालातले कागद सांगतात. सुनेचे काय झाले असेल, ते तुम्हीच ताडा. त्या घरात मेलेला माणूस कर्ता होता. हे वास्तव नव्हे, तर काय आहे?

कादंबरीकार त्या मुलाला एखाद्या रात्री घरी आणील, आईच्या तोंडी बोलणे घालील. खुशाल घालावे. आपण काय रचले, एवढे त्याने शेवटी सांगावे. कादंबरी हाती घेताना सगळेच नाही, तरी बरेच वाचक सावध असतात. आपले कागदपत्रांचे खंड वाचताना कोणी सावध नसतो. गाळलेली ओळ तर वाचकाला कधी कळतच नाही. नासधूस मोजायचीच असेल, तर आधी आपल्या कात्रीची मोजा!

वावड्या, नवस, वाट पाहण्याच्या नोंदी यांचा एक खंड परिषदेने काढावा, असे मी सुचवतो. संपादन, निधी हे कार्यकारिणी बघेल. तूर्त एवढेच मागतो: घरचे रुमाल सोडाल, तेव्हा खर्चाच्या याद्या रद्दीत घालू नका. कुणालाच नको असतील, तर मला द्या.