यादीतली रिकामी जागा



मोडी लिहिणारे शब्दांमध्ये जागा सोडत नसत. सलग ओळीतून वाचणारा अर्थाच्या आधाराने शब्द वेगळे करी. संगणकाचे याच्या उलट आहे. त्याला अर्थ कळत नाही. तो रिकामी जागा मोजतो आणि कोणते वाक्य कशाखालचे हे तिच्यावरून ठरवतो. आज यादीपुरते या मोजणीविषयी बोलतो.

समजा, एका स्पर्धेच्या पत्रकात पहिला मुद्दा कथेचा आहे आणि दुसरा कवितेचा. त्याखाली एक ओळ मोकळी सोडून लिहिले आहे : ‘एकाने एकच प्रवेशिका पाठवावी.’ ही अट कवींनाच, की कथालेखकांनाही? वाक्य ‘कविता’ या शब्दाच्या रेषेत असेल तर कवींना. समासाला लागून असेल तर सर्वांना. म्हणजे इथे जागा ही सजावट नाही, ती अटीचाच भाग आहे.

साध्या मजकुरात खुणा करून मांडणी करण्याची ‘मार्कडाउन’ ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. मुद्द्यातला पुढचा परिच्छेद चार स्पेस किंवा एक टॅब आत घ्यावा, असे तिच्यात सांगितले होते. पण अनेक बारकावे मोघम राहिले आणि वेगवेगळ्या प्रणाली एकच मजकूर वेगवेगळा वाचू लागल्या. म्हणून २०१४ मध्ये ‘कॉमनमार्क’ ही काटेकोर नियमावली पुढे आली. ती मुख्यतः जॉन मॅकफार्लेन यांनी लिहिली. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी ठरावीक आकड्याऐवजी रेषा धरली : मुद्द्याचा मजकूर जिथे सुरू होतो, निदान तिथपर्यंत पुढचा परिच्छेद आत हवा.

चौकटीच्या वहीतली घरे मोजावीत तसे हे मोजा. नवव्या मुद्द्याला एक अंक, एक टिंब, एक स्पेस अशी तीन घरे लागतात. दहाव्याला चार. नवव्यापर्यंत तीन स्पेस देणाऱ्याने दहाव्यालाही तीनच दिल्या, तर तो परिच्छेद यादीबाहेर पडतो. चूक मजकुरात नसते, एका घराची असते.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. कॉमनमार्क क्रमांक म्हणून फक्त इंग्रजी अंक ओळखतो. देवनागरी ‘१.’ त्याच्या लेखी साधा मजकूर. मुद्दे मोकळी ओळ न सोडता एकाखाली एक लिहिले, तर ते सगळे एकाच परिच्छेदात सलग येतात. मोकळ्या ओळीनंतर चार स्पेस सोडून लिहिलेले स्पष्टीकरण तर संगणकाची आज्ञावली समजून वेगळ्या चौकटीत छापले जाते. यावर उपाय सोपा आहे : मूळ मजकुरात इंग्रजी अंक टंकावेत आणि वेबपानाच्या शैलीत यादीसाठी ‘देवनागरी’ ही क्रमांकपद्धत निवडावी. वाचकाला १, २, ३ असेच दिसते.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन : चार की तीन हे पाठ करू नका. ‘हे वाक्य कोणाचे?’ असे आधी स्वतःला विचारा, मग त्याला त्याच्या मालकाच्या रेषेत बसवा. शिक्षकांनीही प्रश्नपत्रिका करताना हेच पाहावे. तिसऱ्या प्रश्नाची सूचना समासाला चिकटली, तर मुले ती सगळ्याच प्रश्नांना लावतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.