वारा कुठून येतो, ते गावाला विचारावे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला संगणकाविषयी पाच मिनिटे बोलायला सांगितले आहे. पण सुरुवात एका वादळी वाऱ्याच्या दिवसापासून करते, संगणकापर्यंत येतेच.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातले स्ट्रॉमनेस हे दोन-अडीच हजार वस्तीचे बंदर. जूनमध्ये एक दिवस मी तिथे होते. ऋतू उन्हाळ्याचा, पण वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. मुख्य भूमीवरच्या स्क्रॅबस्टरला जाणारी, दीड तासाच्या प्रवासाची बोट त्या दुपारी सुटणार नाही, असे धक्क्यावर सांगण्यात आले. आम्ही पाहुणे घड्याळे पाहू लागलो. गावकरी मात्र सामान उचलून शांतपणे घरी गेले. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची घाई जुनी माणसे करत नसत, तसेच ते.

मग गाव पाहिले. दगडी फरशीचा चिंचोळा रस्ता, झाडे अगदी तुरळक. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांनी समुद्राकडे आपली अरुंद बाजू केलेली. दोन घरांमधल्या बोळात शिरले की वारा एकदम कमी होतो.

त्याच रस्त्याला लॉगिन्स वेल ही आता बंद केलेली विहीर आहे. 1845 मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या 'एरेबस' आणि 'टेरर' या जहाजांनी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाताना इथे पाणी भरले. पुढे बर्फात गेलेल्या 129 जणांपैकी एकही परतला नाही.

धक्क्यावर डॉ. जॉन रे यांचा पुतळा आहे. त्यांचा जन्म 1813 मध्ये खाडीपलीकडच्याच घरात झाला. कॅनडाच्या उत्तरेत काम करताना ते बर्फाचे घर बांधायला, कमी सामानात प्रवास करायला तिथल्या इनुइट लोकांकडून शिकले. फ्रँकलिनच्या माणसांचे काय झाले, हे 1854 मध्ये इनुइटांनीच त्यांना सांगितले. रे यांनी ते जसेच्या तसे लंडनला कळवले. तिथे अनेकांना ते पटले नाही. इनुइटांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, असे खुद्द चार्ल्स डिकन्स यांनी लिहिले. अखेर 'एरेबस' 2014 मध्ये आणि 'टेरर' 2016 मध्ये सापडले, तेव्हा इनुइटांकडची माहितीच शोधाच्या कामी आली.

मित्रहो, इतकी वर्षे सॉफ्टवेअरच्या कामात मी हेच पाहते. वापरणाऱ्या माणसाला न विचारता लिहिलेला प्रोग्रॅम कितीही हुशारीने लिहिला, तरी धूळ खातो.

आपल्या बॅचने शाळेला संगणक कक्ष द्यायचे ठरवले आहे. वर्गणी जमली, यादीही झाली. पण ती पुण्या-मुंबईत बसून झाली. माझी विनंती एवढीच, की खरेदीआधी आजच्या शिक्षकांबरोबर आणि शिपाईमामांबरोबर एक दुपार बसू या. खारा वारा कोणत्या खिडकीतून आत येतो, पावसाळ्यात वीज किती वेळ जाते, कोणत्या खोलीतले पंखे आधी गंजतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांचे ऐकून दोन संगणक कमी घ्यावे लागले तरी चालेल. पाच वर्षांनी मुले त्यांवर काम करताना दिसली पाहिजेत.