आवाजाचा माग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी तंजावरच्या भोसले राजांवर बोलेन अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. तो विषय माझ्याहून अधिकारी मंडळींनी अनेकदा मांडला आहे. मी बोलणार आहे तो पत्र्याच्या एका लहानशा पेटीविषयी. मी कलाशाखेचा पदवीधर. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तेव्हा यात काही चुकले तर विज्ञानशाखेच्या श्रोत्यांनी उदार मनाने क्षमा करावी.

आमचे बिऱ्हाड पापनाशमला आहे. तिरुनेलवेलीकडचे धबधब्याचे पापनाशम नव्हे, तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचे. संगीतरचनाकार पापनाशम शिवन (१८९०–१९७३) यांच्या नावात जे गाव आहे, ते हेच. अशा गावात माझ्या चिरंजीवांनी गिटार धरली. गिटारीपाठोपाठ पेडल आले. पेडल म्हणजे गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये ठेवायची, पायाने कळ दाबायची पेटी. ती आवाजाचा पोत बदलते. बाजारातली किंमत ऐकून मी नकार दिला, आणि मुलाने ती घरीच करावयाचे ठरविले.

आत काय असते? गिटारीच्या पोलादी तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. ट्रान्झिस्टर त्याला वाढवतो. पुढे दोन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला वाट मोकळी करतो; त्यामुळे लाटेचा त्यावरचा माथा छाटला जातो. छाटलेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर शिरतात आणि आवाज खरखरीत, धारदार होतो. जर्मेनियमचा डायोड ०.३ व्होल्टच्या आसपासच वाट देतो, म्हणून त्याची छाटणी लवकर सुरू होते. हे सारे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. घरातल्या विजेला हात लावावा लागत नाही. माझी संमती मिळाली ती याच अटीवर.

हा खरखरीत आवाज जन्मला तोही बिघाडातून. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वादनाचा आवाज फाटला. तो तसाच ठेवण्यात आला. गीत १९६१ मध्ये गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच आवाज मुद्दाम काढणारे मंडल ट्रान्झिस्टरवर बसविले, आणि १९६२ मध्ये त्याची पेटी बाजारात आली. आमच्या घरी मात्र बिघाडाला असे भाग्य लाभले नाही.

सुटे भाग चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून आणले. सांधे जोडण्याचे काम मुलगा शिकला. तो ‘सोल्डरिंग’ म्हणे. मी सांगितले, तांबट भांड्याला देतो तो डाख. जोडण्यापूर्वी तारेच्या टोकाला कथलाचा पातळ थर द्यावा लागतो. ती आपली कल्हईच. घराबाहेर दिवसभर तमिळ बोलणाऱ्या मुलाला हे दोन शब्द त्या टेबलावर मिळाले. डाखात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि काम झाल्यावर हात धुवायचे, हा नियम सौभाग्यवतींनी घातला.

पेटी पूर्ण झाली. आवाज आला, पण मलूल, वाढण्याऐवजी उतरलेला. मी मुलाला म्हटले, “तू घाई केलीस. सगळे उकलून पुन्हा जोड.” तो म्हणाला, “बाबा, उकलले तर चूक कुठे होती ते कधीच कळणार नाही.” मी रागावलो. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने एका तारेच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला आणि दुसरे टोक ध्वनिवर्धकाला. मोबाइलवर एक गाणे लावून ते पेटीच्या प्रवेशाशी दिले. मग ते टोक आवाजाच्या वाटेवर एकेका ठिकाणी टेकवत गेला. प्रवेशाशी गाणे स्वच्छ. ट्रान्झिस्टरच्या बेसवरही आहे. कलेक्टरवर ते कितीतरी मोठे व्हावयास हवे, तेथे ते क्षीण! म्हणजे दोष या दोन पायांच्या मध्ये. मग मीटर लावला. कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट अपेक्षित; होते सातच्या वर. नकाशा २एन३९०४ या अमेरिकी ट्रान्झिस्टरसाठी काढलेला होता, आणि आम्ही बसविला होता आपल्याकडे सहज मिळणारा बीसी५४७. दोघांची सपाट बाजू आपल्याकडे धरली, तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, अर्धमेला काम करतो, म्हणूनच फसवतो. तीन सांधे सोडवून तो फिरविला आणि पेटी गर्जली. सगळे उकलून पुन्हा जोडले असते, तर तीच चूक पुन्हा नीटनेटकी जोडली असती. मी दोष मुलाच्या स्वभावात शोधत होतो. तो निघाला तीन पायांच्या क्रमात. हे मी त्याच्याजवळ कबूल केले.

ही गर्जना शेजारच्या मामींनी ऐकली. मामी वीणा शिकवीत. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची, चोवीस पडद्यांची, सात तारांची. २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मामींच्या बोटांत आता सांधेदुखी होती. सभागृहात ऐकू जावे म्हणून तार जोराने छेडावी लागे, ते सोसेना. नवरात्रात वाजविणे यंदा थांबवावे असे त्यांनी ठरविले होते. मुलाने वीणेला चिकटवावयाची पिझो चकती आणली. दाबाने वीज देण्याचा हा स्फटिकांचा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविला. चकती थेट ध्वनिवर्धकाला जोडली, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा! मंद्र सप्तक जणू नाहीसे झाले. मामींनी वीणेवर आच्छादन घातले.

या वेळी मी उकलण्याचा सल्ला दिला नाही. कागद पुढे सरकवला. चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड, ध्वनिवर्धकाच्या प्रवेशाचा रोध १० किलोओहम. हिशेब केला: ७९६ हर्ट्झच्या खालचे स्वर उत्तरोत्तर क्षीण होणार, आणि वीणेचा सगळा गाभा त्याच्या खाली. दुबळ्या माणसाच्या डोक्यावर मोठे ओझे द्यावे, तसे हे झाले होते. रोध १ मेगओहम केला तर ती सीमा ८ हर्ट्झवर उतरते, म्हणजे ऐकू येणाऱ्या सर्व स्वरांच्या खाली. म्हणून मध्ये एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर बसविला. तो आवाज वाढवीत नाही. दुबळ्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतो.

राहिली गुणगुण. पन्नास हर्ट्झची घरातली वीज अशा नाजूक वाटेत सहज शिरते. प्लॅस्टिकच्या डबीऐवजी पत्र्याची पेटी घेतली, तिचा पत्रा मंडलाच्या ग्राउंडला जोडला, चकतीपासूनची तार जाळीच्या आवरणाची आणि आखूड ठेवली. गुणगुण थांबली.

नवरात्रात मामींनी वाजविले. तारेला बोट जेमतेम लागत होते, आणि मंद्र पंचम मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. शेजारी मुलगा गिटार घेऊन बसला होता; त्याने आपल्या पेडलची कळ मात्र दाबली नाही. ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

चिटणीसांचा विषय अगदीच राहू नये म्हणून एवढेच सांगतो की, दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांना मानाने जागा होती. वीणा आणि गिटार एका बैठकीत बसविणे या भूमीला नवे नाही.

आपल्या मुलांच्या हातात असा एखादा उद्योग दिसला, तर त्यांच्याजवळ बसावे, अशी माझी विनंती आहे. तांत्रिक माहिती नसली तरी चालेल. नोंदवहीत आकडे लिहून घेण्याचे काम आपल्याला निश्चित जमते. आमच्या घरी ते काम अजून माझ्याकडेच आहे.