कढत पाण्याची कसोटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. पण मंडळाची आज्ञा मोडवत नाही, म्हणून लेकीकडे इंग्लंडात गेले असता जे पाहिले ते चार शब्दांत सांगते.

माझ्या लग्नात आलेला सहा कपबशांचा एक संच कपाटात कुलपात असे. एका हळदीकुंकवाला सुनेने तो हौसेने बाहेर काढला आणि एक कप फुटला. चार बायकांदेखत मी तिला नाही नाही ते बोलले. ती बिचारी गप्प राहिली. कपाटाला पुन्हा कुलूप लागले.

पुढे लेकीने मला वूस्टर गावचे पोर्सेलीनचे संग्रहालय दाखविले. अठराव्या शतकात इंग्लंडात चहा फार महाग; त्याचे नाजूक पेले चीनहून येत. तशी भांडी घरीच करावी असे इंग्रजांना वाटले, पण चिनी कारागिरांची कृती त्यांना ठाऊक नव्हती. मग कुणी पांढऱ्या मातीत काचेची पूड मिसळली, कुणी हाडांची राख. या नरम जातीच्या पोर्सेलीनवर फुले, पाखरे अशी काढीत की पाहत राहावे! पण कढत पाणी ओतले की त्यातल्या पुष्कळ भांड्यांना तडा जाई. दिसायला लक्ष्मी, पण चहाला निरुपयोगी!

1751 साली डॉ. जॉन वॉल, विल्यम डेव्हिस आणि त्यांच्या भागीदारांनी वूस्टरला कारखाना काढला. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलचा एक कारखाना त्यात सामील झाला आणि त्याची कृतीही आली. तीत कॉर्नवॉलचे संगजिरे घालीत. त्या मिश्रणाचे पेले कढत पाण्याला टिकले आणि वूस्टरचे नाव झाले. पुढे रॉबर्ट हॅनकॉकने तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरली. त्यांचा ठसा कागदावर घेऊन तो पेल्यावर उमटवीत.

त्यांतल्या पुष्कळ पेल्यांना कान नाहीत आणि बशा चांगल्या खोलगट. त्या काळी तेथेही लोक चहा बशीत ओतून पीत, हे ऐकून मला आपल्या घरची आठवण झाली. एका पेल्याच्या काठाचा सोनेरी मुलामा झिजला होता. कुणाच्या तरी ओठांनीच झिजला असेल! मनात आले, त्या कारागिरांनी एवढा खटाटोप केला तो कशासाठी? पेल्यात चहा ओतता यावा म्हणूनच ना? आणि मी?

घरी आले आणि कपाटाची किल्ली सुनेच्या हाती दिली. ती म्हणाली, “आई, आणखी एखादा फुटला तर?”

म्हटले, “फुटू दे. त्या दिवशी मी बोलले, ते चुकलेच माझे.”

भगिनींनो, आज व्यासपीठावर चहा येईल तो उरलेल्या त्या पाच कपांतून, आणि तो आणील माझी सून. इतके सांगून मी आपली रजा घेते.