गोदामांची उत्पादकता : पोत्याकडून सायलोकडे

येथील सेक्टर 43 च्या बसस्थानकावरून पंजाब-हरियाणाच्या धान्यपट्ट्यात जाताना ताडपत्रीखाली रचलेल्या गव्हाच्या थप्प्या वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. हमालाने वेगाने पोती वाहिली की गोदामाची उत्पादकता वाढते, हा समज मला मान्य नाही. पोते भरणे, शिवणे, चढवणे, उतरवणे यांतच श्रम आणि धान्य वाया जाते. भारतीय अन्न महामंडळाच्या 2005 च्या करारातून हरियाणात कैथल येथे सायलो उभे राहिले. तेथील गहू सुटाच साठवून खास वाघिणींतून नवी मुंबईला सुटाच नेण्याची ती व्यवस्था. महाराष्ट्राच्या 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांना भविष्य निर्वाह निधी मिळवून दिला. सायलोमुळे काम गमावणाऱ्यांची तरतूद कोणत्या खर्चात धरायची, हे मात्र आधी ठरवावे लागेल.